एक्स३डी प्रोसेसर घ्यायचा की नाही? आधी मोजायचं कसं, आणि घेतलाच तर बसवायचा कसा

हा प्रश्न मला सारखा येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. म्हणजे चिप घेऊन झालेली असते, बसवून झालेली असते, आणि मग मेसेज येतो की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तर होते तेवढेच आहेत, चिप खराब आली का? चिप खराब नसते. चूक क्रमात झालेली असते, आधी घेतलं आणि मग मोजलं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय, पहिले दोन टप्पे तर एक पैसा खर्च न करता होतात आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच संपतं.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

एक्स३डी म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरवर ६४ एमबी जास्तीचा एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) वेगळ्या चिपच्या रूपात एकावर एक रचून बसवलेला असतो. साध्या आठ कोअरच्या रायझनला ३२ एमबी एल३ असतो, एक्स३डीला ९६. प्रोसेसरला लागणारा डेटा एल३ मध्ये सापडला तर साधारण १० नॅनोसेकंदात हाताशी येतो, नाही सापडला तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथे ७०-८० नॅनोसेकंद सहज जातात. तेवढा वेळ कोअर नुसता वाट बघत बसतो. जास्त कॅशे ही वाट बघणं कमी करतो, बस. कोअरची गणित करायची ताकद त्याने वाढत नाही.

उलट घड्याळ, म्हणजे कोअरचा वेग, थोडं कमीच मिळतं. ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ५८००एक्स३डी ४.५ पर्यंत. ७७००एक्स ५.४, तर ७८००एक्स३डी ५.०. त्यामुळे ज्या कामात कोअर वाट बघतच नव्हता तिथे एक्स३डी बरोबरीत किंवा किंचित मागे राहतो, आणि ते अगदी नॉर्मल आहे.

टप्पा १: तुम्ही खरंच काय चालवता ते लिहून काढा

मनातल्या मनात नको, लिहाच. मागच्या महिन्याभरात कुठल्या गेमवर किती तास गेले, कुठल्या कामावर किती गेले. लायब्ररीत शंभर गेम असले तरी खेळले जातात तीनचारच.

आता त्या यादीकडे बघा. ज्या गेममध्ये एकाच वेळी हजारो छोट्या गोष्टींचा हिशोब चालतो तिथे कॅशेचा फायदा मोठा असतो. फॅक्टोरिओ, स्टेलारिस, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली गर्दीची ठिकाणं, बाल्डर्स गेट ३ मधलं शेवटच्या अंकातलं शहर, ही सगळी त्या जातीची. त्यातही फॅक्टोरिओमध्ये एक गंमत आहे, मध्यम ते मोठ्या कारखान्याला कॅशे जबरदस्त मदत करतो, पण कारखाना अवाढव्य झाला की डेटा ९६ एमबीतही मावत नाही आणि फायदा परत आटतो.

ब्लेंडरमध्ये रेंडर करणं, व्हिडिओ एक्स्पोर्ट, फोटोंवरचं रोजचं काम, ब्राउझर, ऑफिस, यात जवळजवळ काहीच मिळत नाही. तिथे जास्त कोअर किंवा जास्त घड्याळ लागतं. कामाच्या बाजूला फायदा होतो तो हवेचा-द्रवाचा प्रवाह काढणाऱ्या सिम्युलेशनसारख्या गोष्टींना, आणि तसल्या कामासाठीच एएमडीने २०२२ मध्ये सर्व्हरच्या एपिक चिपवर हाच कॅशे रचून एल३ ७६८ एमबीपर्यंत नेला होता. तुमच्या यादीत तसलं काही असेल तर ते तुम्हाला माहीत असेलच.

तपासा: यादीतले निम्म्याहून जास्त तास रेंडर-एक्स्पोर्टवाल्या गटात गेले असतील तर इथेच थांबा, साधा जास्त कोअरचा प्रोसेसर बघा.

टप्पा २: अडतंय कुठे ते तुमच्याच मशीनवर मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि नेमका हाच सगळे गाळतात. रिव्ह्यूमध्ये जे तक्ते असतात ते मुद्दाम सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी लावून काढलेले असतात, कारण त्यांना फक्त प्रोसेसरमधला फरक दाखवायचा असतो. त्यांच्या कामासाठी ती पद्धत बरोबरच आहे. पण तुम्ही मधल्या दर्जाच्या कार्डवर ४के खेळत असाल तर तो तक्ता तुमचा नाहीच.

मोजायला कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन घ्या, दोन्ही फुकट आहेत. मग असं करा:

१. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद, गेममधली आणि ड्रायव्हरमधली फ्रेम मर्यादा बंद. ही राहिली की पुढचं सगळं मोजमाप वाया.

२. गेममधली एक जागा ठरवा जिथे तुम्हाला खरंच अडखळल्यासारखं वाटतं. बाजार, मोठी लढाई, विमानतळ. मोकळ्या माळरानावर मोजून काही कळत नाही.

३. एक फेरी नुसती मारा, तिची नोंद करू नका. पहिल्या फेरीत शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, त्याचे झटके बसतात.

४. आता नेहमीच्या रिझोल्यूशनवर आणि नेहमीच्या सेटिंगवर तीच साठ सेकंदांची फेरी तीनदा, आणि तिन्ही वेळचा सरासरी एफपीएस आणि १% लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) लिहा.

५. मग फक्त रिझोल्यूशन किंवा रेंडर स्केल एकदम खाली आणा, अर्ध्यावर आणा, आणि परत तीन फेऱ्या.

आकडा जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर अडवतोय, एक्स३डीचा विचार करायला जागा आहे. आकडा उडी मारून वर गेला तर ग्राफिक्स कार्ड अडवत होतं, पैसे तिकडे घाला. बरेचदा मधलंच काहीतरी येतं, सरासरी वाढते पण १% लो तिथल्या तिथे राहतो. अशा वेळी १% लो वर भरवसा ठेवा, कारण हाताला जाणवतो तो झटका तिथला असतो.

सावधान: पाचव्या पायरीत सगळे सेटिंग 'लो' करू नका. गर्दी, सावल्या, किती लांबपर्यंत दिसावं, हे कमी केलं की प्रोसेसरचंही काम कमी होतं आणि उत्तर चुकतं. फक्त रिझोल्यूशन.

दुसरी चूक टास्क मॅनेजरची. "सीपीयू तर ३० टक्केच वापरला जातोय, मग तो कसा अडवेल?" अहो, तो आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसरमधल्या कामाच्या वेगवेगळ्या रांगांची, सरासरी आहे. सोळा थ्रेडमधला एक थ्रेड पूर्ण दमला असेल आणि बाकीचे निवांत असतील तरी तो थ्रेड संपल्याशिवाय पुढची फ्रेम निघत नाही. बघायचंच असेल तर जीपीयूचा वापर बघा, फ्रेम मर्यादा बंद असताना तो ९५ च्या वर टिकून असेल तर सहसा कार्डच अडवतंय, आणि ६०-७० वर लोळत असेल तर बहुतेक प्रोसेसर.

स्टेलारिससारख्या गेममध्ये एफपीएस मोजून उपयोगच नाही. तिथे जुना, शेवटाकडे आलेला सेव्ह उघडा, वेग सगळ्यात जास्त ठेवा आणि खेळातलं एक वर्ष सरायला किती सेकंद लागतात ते फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा. फॅक्टोरिओत यूपीएस (खेळाचा हिशोब सेकंदाला किती वेळा होतो) बघा, ६० वरून खाली घसरत नसेल तर तुमच्या नकाशाला जास्त कॅशेची गरजच नाहीये.

तपासा: खरेदीआधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर रॅमचा वेग बघा. ३२०० ची डीडीआर४ किट २१३३ वर चालतेय असं मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करायचं राहिलेलं असतं. किंवा एकच काडी लावलेली असते, म्हणजे सिंगल चॅनेल. हे आधी नीट करा आणि टप्पा २ परत करा, कितीतरी जणांचा अर्धा त्रास तिथेच जातो.

टप्पा ३: कुठली चिप

तुमच्याकडे एएम४ बोर्ड (एएमडीच्या जुन्या सॉकेटचा) असेल आणि टप्पा २ ने प्रोसेसरकडे बोट दाखवलं असेल तर माझ्या मते एक्स३डीचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे. बोर्ड तोच, डीडीआर४ रॅम तीच, फक्त चिप बदलायची. ५८००एक्स३डी २०२२ च्या एप्रिलमध्ये आला, ५७००एक्स३डी २०२४ च्या सुरुवातीला. दुसऱ्याचं घड्याळ ४.१ पर्यंतच जातं पण कॅशे तेवढाच ९६ एमबी. जो नीट मिळेल तो घ्या.

एएम५ वर (नव्या सॉकेटवर) नवीनच बांधत असाल तर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी. ९८०० मध्ये एक खरा बदल आहे, कॅशेची चिप कोअरच्या वर नसून खाली गेली आहे, त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरकडे जाते, घड्याळ ५.२ पर्यंत मिळतं आणि ओव्हरक्लॉकिंगही खुलं आहे. पण ७८००एक्स३डी असताना केवळ त्यासाठी ९८०० वर उडी मारू नका, एवढा फरक तुमच्या कार्डावर दिसेल अशी शक्यता कमी.

बारा आणि सोळा कोअरच्या चिप, म्हणजे ७९००एक्स३डी, ७९५०एक्स३डी, ९९००एक्स३डी, ९९५०एक्स३डी, यांच्या खोक्यावर १२८ एमबी एल३ लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की आठ कोअरवाल्यापेक्षा गेमिंगला जास्त मिळालं. तसं नाहीये. यात कोअरचे दोन गट असतात, एका गटाला ९६ एमबी आणि दुसऱ्याला साधे ३२, आणि गेम एका वेळी एकाच गटात नीट चालतो. बारा कोअरवाल्यात तर त्या कॅशेवाल्या गटात सहाच कोअर असतात. फक्त गेमच खेळायचे असतील तर आठ कोअरवाला घ्या, सरळ आणि बिनकटकटीचा. गेमसोबत रोज रेंडर किंवा मोठे कंपाइल असतील तरच सोळा कोअरवाला.

रॅमवर मात्र उधळू नका. कॅशे मोठा असला की रॅमच्या वेगाचा फरक कमी पडतो, डीडीआर५ ६००० ची दोन काड्यांची किट पुरे. चार काड्या लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो.

टप्पा ४: केस उघडण्याआधीची तयारी

यातलं सगळं जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं.

१. बायोस अपडेट करा. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या पानावर जा, सपोर्टेड सीपीयूच्या यादीत तुमच्या चिपचं नाव आणि तिला लागणारी बायोसची आवृत्ती बघा. बोर्डाच्या नावातलं रिव्हिजनही जुळवा. चिप बदलली आणि बायोस जुनाच राहिला तर स्क्रीन काळी, आणि मग जुनी चिप परत बसवा, म्हणजे पेस्टचं सगळं काम दुप्पट. बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर चिपशिवायही अपडेट होतं, पण त्या भरवशावर राहू नका.

२. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. बरेच जण म्हणतात "मी कधी चालूच केलं नाही", पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. त्याची किल्ली प्रोसेसरमधल्या टीपीएमशी (अशा किल्ल्या जपणाऱ्या भागाशी) बांधलेली असते, प्रोसेसर बदलला की विंडोज सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की आधी कागदावर किंवा फोनमध्ये घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. बायोस अपडेटच्या आधीच करा, कारण अपडेटनेही हीच वेळ येऊ शकते.

३. बायोसमधल्या पंख्यांच्या आणि बूटच्या सेटिंगचे फोनवर फोटो काढून ठेवा, अपडेटनंतर सगळं पुसलं जातं.

सावधान: रिकव्हरी की हातात नसताना पुढे जाऊ नका. डेटा गेला तर तो कोणीही परत आणू शकत नाही, आणि हे मी घाबरवायला लिहीत नाहीये.

टप्पा ५: चिप बसवणं

एएम४ वाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेट त्यांना घट्ट नाही, नुसतं पकडून असतं. जुनी थर्मल पेस्ट वाळून कूलरला आणि चिपला चिकटलेली असते. कूलर सरळ वर ओढला की बंद लिव्हरमधूनसुद्धा चिप कूलरसोबत उपटून येते. माझं हे एकदा झालंय, कूलर उलटा केला तर मधोमध प्रोसेसर चिकटलेला आणि कडेच्या एका ओळीतल्या तीन पिना एका बाजूला झुकलेल्या. पातळ ब्लेडने एकेक पिन सरळ करत तास गेला आणि सगळा वेळ जीव मुठीत होता.

म्हणून: आधी दहापंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते. मशीन बंद करा, वीज काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर लगेच वर न घेता आडवाच डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवा. तो सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला.

एएम५ ला पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे धोका उलटा आहे. चिप हातातून तिरकी पडली तर बोर्डाच्या पिना जातात. दोन्ही बाजूंनी धरून सरळ खाली ठेवायची, दाबायची नाही. आणि एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा असतात, तिथे जास्तीची पेस्ट जाऊन बसते, म्हणून पेस्ट बेताची लावा.

तपासा: पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ मशीन काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवू शकतं, बोर्डावर रॅमचा दिवा पेटलेला राहतो. ते रॅम जुळवून घेत असतं. लोक घाबरून दोन मिनिटांत वीज काढतात, परत लावतात, परत तेच सुरू होतं. पंधरा मिनिटं हात लावू नका.

टप्पा ६: बायोसमधलं मोजकं काम

एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करा, पंख्यांचं परत लावा, सेव्ह करा. व्होल्टेज हाताने वाढवू नका. रचलेला कॅशे जास्त व्होल्टेज सहन करत नाही. २०२३ मध्ये एएम५ वर काही एक्स३डी चिप जळल्या तेव्हा सॉक व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) जास्त जात असल्याचं पुढे आलं आणि नंतरच्या बायोसमध्ये त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. नवीन बायोस टाकलाय तर ती मर्यादा आलेली असते, तरी एक्स्पो लावल्यावर तो आकडा एकदा डोळ्यांनी बघा.

गरम होतंय वाटलं तर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे १० पासून सुरू करा. थेट उणे ३० टाकून "चालतंय की" म्हणू नका, अस्थिरपणा बरेचदा जड कामात नाही तर मशीन निवांत असताना दिसतो, दोन दिवसांनी अचानक रीस्टार्ट होतं आणि दोष रॅमवर जातो.

टप्पा ७: विंडोज (बारा-सोळा कोअरवाल्यांनी गाळू नका)

आठ कोअरवाल्यांनी नवा चिपसेट ड्रायव्हर टाकला की झालं, पुढच्या टप्प्यावर जा.

दोन गटांच्या चिपवर गेम कॅशेवाल्या गटात जावा यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: चिपसेट ड्रायव्हर, अपडेट केलेला एक्सबॉक्स गेम बार आणि चालू असलेला गेम मोड. 'फालतू आहे' म्हणून गेम बार काढून टाकलेली मशीन मी खूप बघितली आहेत आणि तिथे सोळा कोअरचा एक्स३डी चुकीच्या गटावर गेम चालवत बसलेला असतो. पॉवर प्लॅन बॅलन्स्ड ठेवा, हाय परफॉर्मन्स लावला की दुसऱ्या गटाचे कोअर झोपायचं बंद होतं. बायोसमध्ये सीपीपीसीची (काम आधी कुठल्या कोअरला द्यायचं त्याची) पसंती ऑटोवर.

आधी एकाच गटाची चिप होती आणि आता दोन गटांची बसवली असेल तर विंडोज नव्याने टाका. कंटाळवाणं आहे, पण जुन्या विंडोजवर हे ड्रायव्हर अर्धवट लागलेले राहतात आणि शोधण्यात आठवडा जातो.

तपासा: गेम चालू ठेवून रिसोर्स मॉनिटरचं सीपीयूचं पान उघडा. सोळा कोअरवाल्यात ० ते १५ हे थ्रेड काम करताना दिसायला हवेत आणि वरच्या बऱ्याच थ्रेडपुढे 'पार्क्ड' लिहिलेलं. उलटं दिसलं तर गेम बार उघडून 'हा गेम आहे हे लक्षात ठेव' या पर्यायावर खूण करा. वेगळं सॉफ्टवेअर घेऊन गेम ठराविक कोअरला बांधणं हा दुसरा मार्ग आहे, पण एका वेळी एकच मार्ग, दोन्ही लावले की ते एकमेकांच्या पायात येतात.

टप्पा ८: परत मोजा

टप्पा २ ची तीच जागा, तेच सेटिंग, तीच साठ सेकंद, तीन फेऱ्या. १% लो शेजारी शेजारी लिहा. सरासरी थोडीच वाढली पण १% लो ४५ वरून ७० वर गेला असेल तर चिप तिचं काम करतेय.

सिनेबेंच (रेंडर करून वेग मोजणारी चाचणी) लावून साध्या भावंडापेक्षा आकडा कमी आला म्हणून परत करायला निघू नका, वर लिहिलंच की घड्याळ कमी आहे. तापमान ८० च्या पुढे गेलं म्हणूनही घाबरू नका. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे, ९८००एक्स३डीची ९५. कॅशे कोअरच्या वर असलेल्या चिप तशाही पटकन तापतात, पण रोजच्या गेममध्येच मर्यादेला चिकटून बसत असेल तर कूलर काढून पेस्ट सगळीकडे पसरली होती का ते बघा.

झटके अजूनही येत असतील तर ते कधी येतात ते बघा. नव्या जागेत पहिल्यांदा जाताना येतात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत तर ते शेडरचे आहेत, कॅशेने ते जात नाहीत. ठराविक अंतराने, कुठेही उभं राहिलं तरी येतात तर पाठीमागे चालणारे आरजीबीचे आणि मॉनिटरिंगचे प्रोग्राम एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी तीच साठ सेकंदांची फेरी मारून बघा.